श्वान-क्लबांना आरोग्य संशोधनासाठी अनुदान द्यावं का?

रानवाट (धागाकर्ता)

एखाद्या ब्रीडच्या, म्हणजे कुत्र्यांच्या एका जातीच्या, क्लबाला कुत्र्यांच्या आजारांवरच्या संशोधनासाठी आणि लसीकरण, बेवारस कुत्र्यांचं पुनर्वसन अशा उपक्रमांसाठी न्यासांकडून किंवा सरकारकडून अनुदान मिळतं. यावर्षी आमचा क्लबही अर्ज करतोय. पण क्लबातच दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतोय.

माझं मत स्पष्ट आहे. अनुदान द्यावं, आणि त्यातला मोठा वाटा संशोधनाला जावा. ब्रीड म्हणजे मोजक्या पूर्वजांपासून वाढलेलं बंद कुटुंब. त्यामुळे एखादा आनुवंशिक रोग त्यात एकवटतो आणि दोषी जनुक शोधणं सोपं जातं. डॉबरमनमधल्या नार्कोलेप्सीचं जनुक 1999 मध्ये सापडलं आणि माणसाला अवेळी झोपेचे झटके का येतात हे कळायला त्यातूनच मोठी मदत झाली. जन्मजात अंधत्व असलेल्या ब्रिआर्ड कुत्र्यांना जनुकोपचाराने दिसू लागलं, हे 2001 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच जनुकावरच्या माणसांच्या उपचाराला अमेरिकेत 2017 मध्ये मान्यता मिळाली. नमुने आणि वंशावळी मिळाल्या नसत्या तर यातलं काहीच झालं नसतं, आणि त्या असतात क्लबवाल्यांकडे.

काळीमाती

पूर्ण विरोध. वंशावळ क्लबाकडे असते हे खरं, पण ब्रीडचं निकषपत्र, म्हणजे त्या जातीचा कुत्रा कसा असावा याचे नियम, तेही क्लबच लिहितो. रोग ज्या नियमांमुळे पसरला ते नियम करणाऱ्यांनाच रोगावर संशोधनासाठी पैसे का द्यायचे?

डाल्मेशियनचं घ्या. शुद्ध डाल्मेशियनच्या लघवीत युरिक ॲसिड फार असतं, त्याचे खडे होतात. नराची मूत्रनलिका अरुंद, खडा अडकला की लघवी तुंबते आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर कुत्रा तडफडून मरतो. रॉबर्ट शाइबल या आनुवंशिकीतज्ज्ञाने 1973 मध्ये डाल्मेशियनचा एकदाच पॉइंटरशी संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवत नेल्या. ठिपके तेच, चाल तीच, लघवी निरोगी. 1981 मध्ये अमेरिकन केनेल क्लबने, म्हणजे शुद्ध जातीच्या कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या तिथल्या संस्थेने, त्यातल्या दोन कुत्र्यांची नोंदणी केली. त्यावर ब्रीड क्लबाच्या सभासदांनी रान उठवलं आणि नोंदणी बंद पडली. ती पुन्हा सुरू व्हायला 2011 उजाडलं. मधे 2008 मध्ये दोषी जनुकही सापडलं होतं. म्हणजे उपाय आधीपासून हातात होता, फक्त तो वापरू दिला नाही. इथे पैसा कुठे कमी पडला होता, सांगा.

उंबरठा

मला दोघांचंही पटत नाही. जगात रेबीजने वर्षाला सुमारे 59,000 माणसं मरतात आणि जवळजवळ सगळी कुत्रा चावल्याने. एखाद्या भागातल्या 70 टक्के कुत्र्यांना लस दिली की साखळी तुटते, हे सिद्ध झालेलं आहे. लस आहे, पद्धत आहे, फक्त माणसं आणि पैसा कमी पडतो. असं असताना एका ब्रीडच्या हृदयविकाराच्या जनुकासाठी लाखो खर्च करणं मला नैतिकदृष्ट्या चूक वाटतं. क्लबांकडे कुत्रा नीट धरता येणारे, न घाबरणारे स्वयंसेवक आहेत. लसीकरणाच्या वेळी लस दोन ते आठ अंश तापमानात जपायची, कुत्रा धरायचा, टोचायचं, रंगाची खूण करून सोडायचा. या कामात कुत्रा धरणाराच कमी पडतो. अनुदान इकडे वळवा.

रानवाट

उंबरठा, लसीकरणाला माझा विरोध नाहीच. पण ब्रीडवरचं संशोधन ब्रीडपुरतंच राहतं हे मान्य नाही. कोलीमधल्या एमडीआर1 जनुकाचा दोष 2001 मध्ये सापडला. तो असलेल्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिनसारखं औषध जास्त मात्रेत दिलं की ते मेंदूत साचतं, कुत्रा झिंगतो, कोमात जातो. तोच दोष इतर मेंढपाळी ब्रीडमध्ये आणि त्यांच्या संकरित पिल्लांमध्येही आहे. आज व्हेट मात्रा ठरवताना याचा विचार करतो, याचा फायदा वंशावळ नसलेल्या कुत्र्यालाही होतोच.

काळीमाती, डाल्मेशियनच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात. त्या क्लबाच्या वागण्याचं समर्थन मी करणार नाही.

सुईदोरा

मी पशुवैद्य आहे, क्लबांसाठी नमुने गोळा करते. गालाच्या आतून स्वॅब फिरवायचा, त्याआधी कुत्र्याने काही खाल्लेलं नको, पिल्लू असेल तर नुकतंच आईचं दूध प्यायलेलं नको, नाहीतर नमुन्यात आईचाही डीएनए येतो. मग वाळवून मायक्रोचिपचा नंबर टाकायचा. हे काम सोपं आहे. खरी गोम पुढे आहे.

खुब्याच्या एक्स-रेंचंच बघा. कुत्र्याला गुंगी देऊन, पाठीवर झोपवून, मागचे पाय सरळ ताणून फिल्म काढतात. खुबा बिघडलेला आहे हे फिल्मवर बऱ्याचदा मालकालाही तिथेच दिसतं. मग तो ती फिल्म तपासणीला पाठवतच नाही. नोंदवहीत फक्त चांगले खुबे उरतात आणि ब्रीड निरोगी असल्याचा भास होतो. याच आकड्यांवर पुढचं अनुदान मागितलं जातं. माझी अट एकच असेल: अनुदानातून काढलेली प्रत्येक फिल्म थेट नोंदणीकडे जावी, मालकाच्या मर्जीवर नको, आणि निकाल कुत्र्याच्या नोंदणी क्रमांकासकट सगळ्यांना दिसावा.

काळीमाती

सुईदोराताई, तुमची अट मान्य, पण ती अर्धीच आहे. कॅव्हेलियर स्पॅनियलमध्ये हृदयाची झडप बिघडणं आणि कवटी लहान पडून मज्जारज्जूत पोकळ्या होणं इतकं पसरलंय, की फक्त निरोगी जोड्या निवडायला वावच उरत नाही. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये शुद्ध कॅव्हेलियरची पैदास प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली, संकराचा मार्ग मोकळा ठेवला. अशा ब्रीडच्या क्लबाने आणखी एका जनुक चाचणीसाठी पैसे मागणं म्हणजे वेळकाढूपणा आहे. संकर करायची तयारी लेखी द्या, मगच पैसे घ्या.

उंबरठा

हे पटलं. क्लब बाहेरचं रक्त घ्यायला तयार असेल तर संशोधनाला माझा विरोध कमी होतो. मात्र लसीकरणाचा वाटा वेगळा ठेवा, उरलेल्या पैशातून नको.

रानवाट

सुईदोराची अट मी अर्जात शब्दशः घालतोय. लसीकरणाचा निधीही वेगळ्या खात्यात दाखवतो. संकराच्या हमीवर मात्र आमच्या सभेत बहुमत मिळेल असं आज तरी वाटत नाही. जुने ब्रीडर ठाम विरोधात आहेत, मी त्यांना डाल्मेशियनचा सगळा इतिहास वाचून दाखवणार आहे.

काळीमाती

आणि बहुमत नाही मिळालं तर? अर्ज मागे घेणार का?

रानवाट

संशोधनाचा भाग मागे घेईन. लसीकरणाचा अर्ज तसाच जाईल.