घराजवळच्या घरट्यांची छायाचित्रे काढावीत का?

तापीकाठ (जळगाव)
उन्हाळा लागला की आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर घरट्यांची छायाचित्रे येऊ लागतात: बोगनवेलीतल्या बुलबुलाची तांबूस ठिपक्यांची अंडी, दारावरच्या वायरीला लोंबणारे शिंजिराचे (फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याचे) घरटे, चोच वासलेली बिनपिसांची पिल्ले. दुरून पाहण्याला माझी हरकत नाही. परंतु घरट्यात अंडी किंवा पिल्ले असेपर्यंत कोणीही कॅमेरा वा मोबाइल घेऊन जवळ जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बुलबुलाचे घरटे उघड्या वाटीसारखे असते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा दुपारी घरट्यावर बसलेला पक्षी अंड्यांवर सावली धरून असतो. त्याला आपण उठवले, तर तेवढा वेळ अंडी उन्हात भाजतात.

अमळनेरकर
ताई, आपली कळकळ समजते, पण सरसकट बंदी मला पटत नाही. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीमला सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीजवळ तासन्‌तास बसून निरीक्षण केले, म्हणूनच नर अर्धवट घरटे बांधून थांबतो, मादीने ते पसंत केल्यावर पुरे करतो आणि मग दुसरे बांधायला घेतो, हे आपल्याला नीट कळले. शिवाय माणसांची वर्दळ असलेला ओटा निवडणारा पक्षी आपल्याला सरावलेला असतो. घरातल्या मुलांना पक्ष्यांची ओढ लागते ती अशाच घरट्यांमुळे. त्यांना 'तिकडे फिरकू नका' म्हटले, तर ती पुन्हा मोबाइलमध्येच डोके घालतील.

तापीकाठ (जळगाव)
दादा, सलीम अली निरीक्षणाला बसले होते. आपले लोक फांदी वाकवतात. चित्र स्वच्छ यावे म्हणून घरट्यासमोरची चार पाने खुडली, की ऊनही आत येते आणि कावळ्याला, भारद्वाजाला घरटे आयते दिसते. पिल्ले उडायच्या बेतात असताना कोणी मोबाइल जवळ नेला, तर ती घाबरून वेळेआधीच बाहेर उड्या टाकतात आणि मांजराच्या तोंडी जातात. पक्षी ओट्यावरच्या येण्याजाण्याला सरावतो हे खरे, पण घरट्यात डोकावणाऱ्या हाताला तो सरावत नाही.

शहाद्याचा वाचक
कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणेही येते. आमच्या शहाद्याजवळ १९९७ साली रानपिंगळा, म्हणजे नामशेष झाला असे मानले गेलेले छोटे घुबड, पुन्हा सापडला, तेव्हा जगभर त्याची दखल घेतली गेली. अशा दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचे ठिकाण छायाचित्रासह जाहीर केले, तर तिथे किती गाड्या उभ्या राहतील याचा विचार करावा.

अमळनेरकर
रानपिंगळ्याचे घरटे कोणीही जाहीर करू नये, यात वादच नाही. पण रानपिंगळा आणि माझ्या कडीपत्त्यावरचा शिंजीर यांना एकाच मापाने मोजू नये. कायदा उपद्रवाला मनाई करतो. बंद खिडकीच्या काचेआडून, फ्लॅश न वापरता, लांब पल्ल्याच्या लेन्सने काढलेल्या छायाचित्राने कोणता उपद्रव होतो? उलट शिंजिराची मादी एकटीच अंडी उबवते आणि पिल्लांना भरवायला मात्र नरही येतो, हे त्या छायाचित्रांतून मुलांना दाखवता येते.

धुळ्याचे मास्तर
अमळनेरकर भाऊ, लांब पल्ल्याची लेन्स किती घरांत असते? बाकी सगळे मोबाइलवालेच, आणि मोबाइलला जवळ गेल्याशिवाय काही दिसत नाही, ही खरी अडचण आहे. मी विद्यार्थ्यांना वही देतो: तारीख, पक्षी काय घेऊन आला, किती वेळाने परतला, एवढेच दुरून पाहून लिहायचे.

तापीकाठ (जळगाव)
काचेआडून काढलेल्या छायाचित्राला माझा विरोध राहणार नाही, पण दोन अटींवर. पिल्ले उडून जाईपर्यंत ते कोणालाही पाठवू नये. आणि चोचीत अळी धरलेला पक्षी घरट्यात न शिरता समोरच्या तारेवर ताटकळत ओरडत असेल, तर खिडकीवर पडदा ओढून आपण तिथून निघावे.

अमळनेरकर
दुसरी अट मान्य. पहिलीबाबत माझे मत वेगळे आहे. आजोळी गेलेल्या नातवंडांना पाठवलेल्या एका छायाचित्राने घरट्याला धोका होतो, असे मला अजूनही वाटत नाही.