जागा पुसली जात नाही, पण सगळीकडे टिकतही नाही

एखादी गोष्ट कुठे दिसली ते आपण थोडा वेळ लक्षात ठेवतो; पण मध्येच दुसरं काही डोळ्यांसमोर आलं की ती जागा मेंदूतून पुसली जाते, असं एक म्हणणं आहे. मला ते अर्धंच पटतं. पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला गाडीच्या आरशात डावीकडे पीएमपीची बस दिसते, तेवढ्यात समोरून कुणीतरी आडवं जातं; तरी सिग्नल सुटल्यावर बस कुठे आहे याचा अंदाज असतोच.

१९८९ मध्ये फुनाहाशी, ब्रूस आणि गोल्डमन-राकिच यांनी माकडांना नजर मध्यभागी स्थिर ठेवायला लावून कडेला क्षणभर एक ठिपका दाखवला. काही सेकंदांनी, ठिपका नसताना, त्या जागेकडे बघायचं. मधल्या रिकाम्या काळातही कपाळामागच्या भागातल्या काही पेशी सक्रिय राहिल्या, प्रत्येक आपापल्या दिशेसाठी.

विचलनाचा प्रश्न खरा पुढे येतो. मेंदूच्या मागच्या, पार्श्विका भागातल्या पेशींचं संकेतन, म्हणजे जागा नोंदवून ठेवणं, नवा ठिपका आला की त्याच्याकडे वळतं, हे कॉन्स्टँटिनिडिस आणि स्टाइनमेट्झ यांनी १९९६ मध्ये दाखवलं. म्हणजे जागा पुसली जाण्याचं म्हणणं तिथे लागू पडतं! सुझुकी आणि गॉटलिब यांनी २०१३ मध्ये दोन्ही भाग औषधाने आळीपाळीने तात्पुरते बंद केले. पुढचा, कपाळामागचा भाग बंद असताना माकडं जास्त विचलित झाली.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो २०१७ च्या आणखी एका अभ्यासाचा निष्कर्ष: विचलनानंतर पुढच्या भागातही पेशींचा सक्रियतेचा नमुना बदलतो, तरी जागेची माहिती त्या नव्या नमुन्यातून वाचता येते. त्यामुळे ‘टिकणं’ म्हणजे त्याच पेशी तशाच पेटत्या राहणं, ही व्याख्या आता अपुरी वाटते.