'निगोशिएट'ला मराठीत काय लिहायचं? (स्टोरेज प्रोटोकॉलमधलं)

प्रश्न : टीमसाठी मराठीत नोट्स लिहितोय. एनएफएस (नेटवर्कवरून फाइल्स शेअर करायचा प्रोटोकॉल) काय किंवा आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क जोडायचा) काय, दोन्हीकडे एका वेळी किती डेटा पाठवायचा ते 'निगोशिएट' होतं म्हणतात. डिक्शनरीत 'वाटाघाटी' आहे पण त्याने युनियन आणि मॅनेजमेंटच डोळ्यासमोर येतं. 'घासाघीस' चालेल?

उत्तर : घासाघीस नकोच. त्यात मी शंभर म्हणणार, तुम्ही साठ, मग मी ऐंशी, असं मागेपुढे होतं, इथे तसं काहीच होत नाही. आयस्कझीत लॉगिनच्या वेळी एक बाजू मॅक्सबर्स्टलेन्थ (एका खेपेत जास्तीत जास्त किती बाइट) २६२१४४ म्हणते (डीफॉल्ट तेवढंच आहे), दुसरी १३१०७२ म्हणते, की संपलं, लहान आकडा पक्का. त्यामुळे मी 'ठरवून घेणे' लिहीन, साधं आहे आणि सगळ्यांना कळतं.

पण एक गोष्ट खरंच जपा, मॅक्सरिसीव्हडेटासेगमेंटलेन्थला 'ठरवून घेणे'सुद्धा लिहू नका!! तिथे दोन्ही बाजू आपापलं सांगतात की मी एका पीडीयूमध्ये (म्हणजे प्रोटोकॉलच्या एका मेसेजमध्ये) एवढाच डेटा घेऊ शकतो, डीफॉल्ट ८१९२ बाइट, आणि दोन्ही दिशांचे आकडे वेगळे राहू शकतात. स्टँडर्डमध्येच हा फरक केलेला आहे, म्हणून तिथे 'जाहीर करणे' हवं. सगळीकडे एकच शब्द टाकला की वाचणारा दोन्ही टोकांना सारखाच आकडा शोधत बसतो.

प्रश्न : आणि एनएफएस?

उत्तर : व्हर्जन ३ मध्ये क्लायंट एफएसइन्फो (सर्व्हरच्या मर्यादा विचारायची कॉल) विचारतो, सर्व्हर रीड-राइटची जास्तीत जास्त साइझ आणि त्याला सोयीची साइझ अशा दोन्ही सांगतो, मग क्लायंट त्या मर्यादेत राहून स्वतःची आरसाइझ, डब्ल्यूसाइझ (एका वेळी वाचायची आणि लिहायची साइझ) धरतो. लिनक्सच्या मॅन पेजात (कमांडच्या माहितीपानात) यालाही निगोशिएट म्हटलंय, तेव्हा 'ठरवून घेणे' चालेल. फक्त नोट्समध्ये 'मागितलेली साइझ' आणि 'ठरलेली साइझ' असे दोन शब्द वेगळे ठेवा, कारण माउंट करताना (सर्व्हरचं फोल्डर जोडताना) तुम्ही २०९७१५२ टाकलंत तरी मॅन पेजप्रमाणे लिनक्स क्लायंट १०४८५७६ च्या वर जात नाही, सर्व्हरची मर्यादा कमी असेल तर त्याहूनही खाली येतो, आणि एररही येत नाही. ठरलेली साइझ प्रॉक-माउंट्समध्ये (/proc/mounts, चालू माउंट्सची यादी) दिसते, तुम्ही माउंटला टाकलेली नव्हे तर तीच खरी धरायची.