उजव्या फऱ्याचं हाड बाहेर आलंय, मदत हवी आहे (तातडीने)

पातळपोहे: बायकोचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. फऱ्याचं हाड बाहेर सरकलंय, खांदाही उतरलाय. एक्सरे, एमआरआय नॉर्मल. डॉक्टर म्हणतात फ्रोझन शोल्डर (खांदा आखडणं). शेक, व्यायाम सगळं झालं, फरक शून्य. पुण्यातला चांगला डॉक्टर सुचवा. लवकर प्लीज, रोज तिची वेणी मी घालतोय.

गवतीचहा: वय? शुगर? पडल्या होत्या का? एमआरआय मानेचा की खांद्याचा?

पातळपोहे: 34. शुगर नाही. पडली नाही. खांद्याचा. डॉक्टर सुचवा ना!

नाना सातारकर: फ्रोझन शोल्डरच. मला होता. निर्गुंडीचं तेल लावा, दीड वर्षात आपोआप जातो.

मुक्ता फिजिओ: नाना, फ्रोझनमध्ये दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नाही. दादा, तुम्ही उचलून बघा. मग भिंतीला तळवे टेकवून ढकलायला सांगा. हाड पंखासारखं उठतं का?

पातळपोहे: मी उचलला की पूर्ण जातो. भिंतीला ढकलताना विशेष नाही, पण हात बाजूने वर नेताना हाड जास्त बाहेर येतं.

घाटावरचा: पार्सोनेज-टर्नर (खांद्याच्या नसांना अचानक येणारी सूज)! मेव्हण्याला तापानंतर झालं होतं.

मुक्ता फिजिओ: त्यात बहुतेकदा आधी असह्य दुखतं. इथे मला ट्रॅपिझियस (मानेपासून खांदा-पाठीपर्यंतचा) स्नायू गेल्यासारखा वाटतो. मानेचं ऑपरेशन झालंय का?

निवांत: माझं फऱ्याचं हाड कटकट वाजतं. दुखत नाही. काय करू?

नाना सातारकर: कॅल्शियम कमी.

मुक्ता फिजिओ: कॅल्शियमचा काही संबंध नाही. निवांत, वेगळा धागा काढा.

पातळपोहे: ऑपरेशन वगैरे नाही. मानेच्या कडेची गाठ काढून तपासली होती तेवढीच. टीबी निघाला, गोळ्या चालू आहेत. खांद्याशी काय संबंध?

मुक्ता फिजिओ: अहो, तोच तर! स्पायनल ॲक्सेसरी नस तिथे कातडीखाली अगदी वर असते, गाठ काढताना दुखावू शकते. ट्रॅपिझियस तिच्यावरच चालतो. ईएमजी-एनसीव्ही (नसा-स्नायूंची तपासणी) करा. नुसती दबली असेल तर सावरते, पण कापली गेली असेल तर जोडायला उशीर नको. पहिल्या सहा महिन्यांत निकाल चांगले येतात. गाठ कधी काढली?

पातळपोहे: गणपतीत.

घाटावरचा: आणि आता संक्रांत आली! नसांच्या शस्त्रक्रिया करणारा प्लॅस्टिक सर्जन गाठा.

नाना सातारकर: टीबीच्या गोळ्या मात्र सोडू नका. तेल चालू ठेवा.

पातळपोहे: ईएमजी कुठे करतात? रविवारी होतं का?

गवतीचहा: न्यूरॉलॉजिस्टकडे. रविवारी कठीण आहे, सोमवारची वेळ घ्या. बायोप्सीचे कागद सोबत न्या.