जानेवारीत भिगवणला जायचंय, आईबाबा आणि मुलगी सोबत आहेत, कसं ठरवू?

मृण्मयी_पुणे:
जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी भिगवणचं चाललंय. आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि आईबाबा. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे फार चढउतार नको. लेकीला फ्लेमिंगो बघायचेत, मला पट्टकदंब हंसांची फार ओढ आहे. दोन्ही तेव्हा मिळतील का? आणि जायचं नेमकं कुठे, मॅपवर उजनी धरण टाकलं की भलतंच लांब दाखवतोय. बाबांना बोटीत बसता येईल का हेही सांगा. दुर्बीण पण घ्यायचीय, आठपट मोठं दाखवणारी ८ बाय ४२ की दहापट दाखवणारी १० बाय ४२?

इंदापूरकर:
ताई, मॅपवर कुंभारगाव टाका, इंदापूर तालुक्यातलं. उजनीची भिंत भिगवणच्या बरीच पुढे सोलापूर जिल्ह्यात आहे, तिकडे जाऊ नका, पक्षी बघायचे ते धरणामागे साठलेल्या पाण्याच्या फुगवट्यावर, म्हणजे कुंभारगाव, डिकसळ या बाजूला. पुण्याहून सोलापूर हायवेने साधारण शंभर किलोमीटर.

आता फ्लेमिंगोचं. तारीख बघून येऊ नका, पाणी बघून या. हा पक्षी उथळ पाण्यात उभा राहून चोच उलटी करून चिखलपाणी गाळून खातो, त्यामुळे धरण तुडुंब असलं की त्याला इथे पाय टेकायला जागाच नसते. पाऊस चांगला झालेल्या वर्षी पाणी उशिरा ओसरतं आणि थवेही उशिराच दिसायला लागतात, कधी फेब्रुवारी कधी मार्च. निघायच्या आधी गावातल्या एखाद्या गाइडला फोन करून पाणी किती उतरलंय ते विचारा. पट्टकदंबांना जानेवारी उत्तम, ते थंडीचेच पाहुणे, उन्हाळा लागायच्या आत हिमालयापलीकडे परत जातात.

शेकाट्या:
वरच्या दादांशी सहमत. दुर्बीण ८ बाय ४२ च घ्या, बोट हलते त्यामुळे १० मध्ये चित्र थरथरतं, लहान मुलीला तर पक्षी सापडतच नाही.

एक कळकळीची विनंती. बोटवाले दादा भले असतात, बरेचसे मासेमारी करणाऱ्या घरांतले आहेत आणि पक्षी त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतात, पण लोकच मागे लागतात की अजून जवळ न्या, उडवा, उडताना फोटो पाहिजे. ते अजिबात करू नका आणि शेजारच्या बोटीतले करत असतील तर बोला. फ्लेमिंगोला हवेत उठायला पाण्यावरून बरंच पळावं लागतं, दिवसात चार-पाच वेळा उठवलं तर त्याने खायचं कधी? थवा खाली मान घालून चरत असेल तर अंतर ठीक आहे. सगळ्या माना एकदम वर ताठ झाल्या आणि सगळे एकाच बाजूला चालायला लागले की तिथेच थांबायचं, शक्यतो थोडं मागे यायचं. इंजिन लांबच बंद करून पुढे बांबूने ढकला असं बसतानाच सांगा. लेकीला हे मानेचं निरीक्षण करायला द्या, तिला मजा येईल.

मृण्मयी_पुणे:
किती छान सांगितलंत, मानेचं माहीतच नव्हतं! लेकीला आत्ताच वाचून दाखवलं. बाबांचं काय करू? आणि फ्लेमिंगो नसलेच तर दोन दिवस तिथे पुरेल का?

इंदापूरकर:
काकांना बोटीत चढताना काठावरच्या चिखलाचा त्रास होईल, पाणी जितकं मागे गेलेलं तितकं जास्त चालावं लागतं. बोट ठरवतानाच सांगा, धरून बसवतात. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, पोहता येत असलं तरी. नाहीच जमलं तर काठावर खुर्ची टाकून बसू द्या, तिथूनही चित्रबलाक, चमचे, शेकाटे, नदी सुरय असे पक्षी आरामात दिसतात. पाण्यातल्या वाळक्या बाभळींच्या बुंध्यांवर नजर ठेवा, ऑस्प्रे हा शिकारी पक्षी मासा पायाखाली दाबून तिथेच फाडत बसलेला असतो. तो बघायला मिळाला तर फ्लेमिंगोची आठवणसुद्धा येणार नाही.

मुक्काम कराच. उजाडताना पाण्यावर असायला हवं आणि त्यासाठी म्हाताऱ्या माणसांना रात्री तीनला उठवणं बरं नाही. गावात घरगुती राहायची सोय होते, फक्त कमोड आहे का ते आधी विचारून घ्या. जेवायला ताजी चिलापी मासळी तळून आणि भाकरी, शाकाहारी असाल तर पिठलं-ठेचा मिळतो पण सकाळीच सांगून ठेवायचं.

माळरान_प्रेमी:
दुसऱ्या दिवशी पाणी सोडा आणि इंदापूर तालुक्यातल्याच कडबनवाडीच्या माळावर जा ना! तिथे चिंकारा, खोकड (लहान कोल्हा) आणि थंडीत येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी, गवतावरून इतके खालून तरंगत जातात की बघत राहावं. वनखात्याची सफारी आहे, ऑनलाइन बुकिंग करून जायचं. गाडीत बसूनच बघायचं असल्याने तुमच्या बाबांनाही सोयीचं. माळाला लोक पडीक जमीन म्हणतात त्याचं फार वाईट वाटतं, मुलांनी तो आवर्जून बघायला हवा.

मृण्मयी_पुणे:
ठरलं मग, शनिवारी दुपारी कुंभारगाव, रविवारी पहाटे बोट आणि नंतर कडबनवाडी. बुकिंग आजच बघते. पाणी किती आहे ते कळलं की इथे टाकते.

शेकाट्या:
नक्की टाका. मुलीला भडक लाल-पिवळं जॅकेट घालू नका, आणि कानटोपी घ्या, पहाटे पाण्यावर वारा फार बोचतो.