बी विंगमधला गोवर

ए-३०३ वहिनी: शुभ सकाळचे फोटो जरा बाजूला ठेवा. बी-२०२ च्या पोराला गोवर झालाय म्हणे. रविवारी संध्याकाळपर्यंत ते पार्किंगमध्ये आमच्या पिंट्याबरोबर खेळत होतं. ग्रुपवर एक शब्द नाही. डेंगीच्या वेळीपण आम्हाला दूधवाल्याकडनंच कळलेलं.

सी-२०४ काकी: (फॉरवर्ड) सावधान!! गोवरची लाट आली. १४ दिवस दार उघडू नका. पुढे पाठवा.

ए-१०२ दादा: गोवरापेक्षा फॉरवर्डच जोरात पसरायलंय की 😄

बी-४०१ काका: टाकी कधी धुणार? दिवाळीपासून विचारतोय.

सेक्रेटरी: काका, टाकीचा विषय वेगळा. कृपया.

ए-३०३ वहिनी: साहेब, आधी त्यांच्या दारावर कागद लावा.

बी-३०१ मामा: २०२० ला आमच्या दाराला पट्टी मारलेली. दुधाची पिशवी जिन्यात दुपारपर्यंत तशीच पडून नासायची, वर आणून द्यायला कोण नव्हतं. कागदाचं नाव काढू नका.

बी-२०२ ताई: मी सगळं वाचतेय. रविवारी खेळून आला आणि रात्री अंग तापलं. डोळे लाल, खोकला. काल सकाळी कानामागं पुरळ, रात्रीपर्यंत तोंडभर. डॉक्टर गोवरच म्हणतात, रक्ताचा नमुना पाठवलाय. खात्री झाली की सांगणार होते. गावाला गेल्यामुळं दुसरा डोस राहिला, ती चूक आमचीच. पण कागद नको. आधीच विचारतोय, पिंट्या का येत नाही म्हणून.

सी-१०१ सिस्टर मावशी: सगळ्यांनी शांतपणे वाचा. गोवर हवेतून पसरतो. आजारी माणूस निघून गेल्यावरही बंद खोलीत २ तासांपर्यंत विषाणू राहतो. पुरळाच्या आधी ४ दिवस आणि नंतर ४ दिवस लागण होते, म्हणजे पोरगं शनिवारपर्यंत घरात. एवढं पुरे, कागद लागत नाही. एमआर (गोवर-रुबेला) लसीचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. कार्ड काढून बघा, आठवणीवर जाऊ नका. राहिला असेल तर ५ वर्षांपर्यंत सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. रविवारी सोबत खेळलेल्यांचे ७२ तास आज संध्याकाळी भरतात, त्याच्या आत डोस घेतला तर उपयोग होतो.

बी-४०१ काका: २०१२ ला इचलकरंजीत कावीळ पाण्यातनं पसरली. माणसं गेली. म्हणून टाकी म्हणतोय.

सिस्टर मावशी: काका, काविळीचं तुमचं बरोबर. गोवर पाण्यातनं येत नाही.

ए-१०३ ताई: मावशी, माझं बाळ ७ महिन्यांचं. पहिलासुद्धा डोस नाही 😟

सिस्टर मावशी: आजच बालरोगतज्ज्ञांना दाखव, शेजारी गोवर आहे हे सांग. कुणी गरोदर असेल तर तिनंही डॉक्टरांना विचारायचं, त्या दिवसांत ही लस देत नाहीत.

सी-२०४ काकी: आमच्या सासूबाई म्हणतात बाई आल्यात, म्हणजे देवीचं आहे, औषध द्यायचं नसतं.

सिस्टर मावशी: पाला बांधा, हात जोडा, पण औषध थांबवू नका. 'अ' जीवनसत्त्वाचे २ डोस लागोपाठ दोन दिवस द्यावेच लागतात, नाहीतर डोळ्यांवर जातं. न्यूमोनिया होतो. मी वॉर्डात एक पोर बघितलंय, घरीच ठेवलेलं. श्वास घेताना बरगड्या आत जात होत्या. धाप, झापड, आकडी, पाणी न ठरणं, एक जरी दिसलं तरी थेट सीपीआर सरकारी हॉस्पिटल गाठा. ग्रुपवर विचारत बसू नका.

बी-४०१ काका: आणि टाकी?

सेक्रेटरी: ए विंगची वर्गणी आली की धुतो.

ए-१०२ दादा: आमची गणपतीतच भरलीय. पावती टाकू?

सेक्रेटरी: टाका की.

ए-३०३ वहिनी: पावत्या राहू द्या ओ! कार्ड सापडलं, पिंट्याचे दोन्ही डोस झालेत. बी-२०२ ताई, सकाळी भीतीपोटी बोलले. खातोय का काही?

बी-२०२ ताई: तोंड आलंय. पेज घेतो दोन घोट.

ए-३०३ वहिनी: पातळ करून दाराशी ठेवते. पण पुढच्या वेळी आधी सांगा.

बी-२०२ ताई: हो.

ए-१०३ ताई: मी दवाखान्यात निघाले.

ए-१०२ दादा: ए-१०३ वहिनी थांबा, गाडी काढतो. रिक्षात बाळाला कुठं नेताय.

बी-४०१ काका: मीपण येतो. टाकी धुणारा वाटेतच राहतो.