मदत हवी आहे: पाळी जातेय की दिवस गेलेत?

वय ४६. वर्षभरापासून पाळीचा नेम नाही, पण या वेळी दोन महिने उलटून गेले तरी पत्ता नाही. रात्री घामाने गाऊन भिजतो तेव्हा वाटतं, पाळी जायची वेळ आली. सकाळी फोडणीच्या वासाने मळमळलं की पोटात गोळा येतो. छातीही दुखरी आहे.

ऑपरेशन झालेलं नाही. तांबी मागेच काढली. निरोध वापरतो, पण दर वेळी नाही. सकाळच्या पहिल्या लघवीवर घरी टेस्ट केली, आठवड्याने पुन्हा केली. दोन्ही वेळा एकच रेघ. थायरॉईडची गोळी चालू आहे, रिपोर्ट नॉर्मल.

डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे. गावात लॅब आहे, सोनोग्राफीला मात्र जिल्ह्याला जावं लागतं. ‘या वयात कसले दिवस जातात’ हे घरात ऐकून झालंय, कृपया ते नको. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढे दोन वर्षं दिवस जाऊ नयेत म्हणून काळजी घ्यायला सांगतात, ते उगाच नाही.

दोनदा निगेटिव्ह आल्यावरही रक्ताची बीटा एचसीजी (दिवस गेलेत का ते सांगणारी तपासणी) आत्ताच करून घ्यावी, की थेट सोनोग्राफी? आणि दिवस गेलेले नसतील, तर या वयात पुन्हा तांबी बसवलेली कोणाला सोसली आहे का?